बोनेटखालचा तांबूस थर: इंजिनच्या भागांवरचा वरवरचा गंज घरच्या घरी कसा काढावा

दिवाळी झाली आणि शेजारचा मुलगा सकाळी सकाळी गाडी घेऊन अंगणात आला. पुण्याहून घेतलेली जुनी पेट्रोल गाडी. आमच्या रत्नागिरीजवळच्या भाट्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तिचा पहिला पावसाळा नुकताच सरला होता. बोनेट उघडून म्हणाला, "काका, इंजिन गंजलं हो सगळं. आता मोठा खर्च निघणार का?"

मी वाकून पाहिलं. अल्टरनेटरची (बेल्टने फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाची) पट्टी लालसर झाली होती, बॅटरीखालचा ट्रे कोपऱ्यात फुगला होता, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा जाड नळ, विटेच्या रंगाचा झाला होता आणि आठ-दहा बोल्टांची डोकी तपकिरी पडली होती. इंजिनला काहीही झालेलं नव्हतं. दोन रविवार आणि हजार-बाराशेचं सामान एवढ्यात ते काम झालं, आणि बहुतेक त्यानेच केलं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आयुष्यात कधी पाना हातात धरला नसेल त्यालाही जमावं, अशा बेताने.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवा माणूस हमखास तिथेच चुकतो. गंज दिसला की तो रंगाचा स्प्रे आणायला धावतो. रंग हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं पाऊल आहे. खरं काम आहे घासण्याचं आणि त्याहून जास्त कोरडं करण्याचं. ओल्या किंवा गंजक्या लोखंडावर मारलेला रंग गंजाला थांबवत नाही, फक्त आपल्या नजरेआड करतो.

गंज धरतो कसा

बीडाचा तवा रात्री धुऊन तसाच ओला ठेवला तर सकाळी त्यावर केशरी ठिपके दिसतात, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बोनेटखाली तेच घडतं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज सुरू. पाणी थेंबाथेंबाने दिसायलाही हवं असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर न दिसणारा ओलावा बसतो आणि तेवढा पुरतो.

किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे बारीक कण धातूवर बसतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. मिठाच्या बरणीला पावसात पाझर फुटतो, तोच हा प्रकार. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने चालणारी क्रिया असल्यामुळे ती भराभर पुढे सरकते. म्हणूनच तीच गाडी सोलापूरला पंधरा वर्षं कोरडी ठणठणीत राहते आणि रत्नागिरीत तीन पावसाळ्यांत लाल पडते.

आणखी एक. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो रंगाखाली शिरला की रंगाला फोड येतात आणि फुगलेल्या पापुद्र्यातून आणखी पाणी आत जातं.

आधी माती की गंज ते ठरवा

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागतं. आमचा रस्ता जांभ्याचा, धूळ लाल. जांभ्याचा लाल रंगच मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचा, त्यामुळे ती धूळ इंजिनवर तेलकट ओलीत बसून वाळली की हुबेहूब गंज दिसते. शेजारच्या मुलाच्या टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, जो 'गंज' होता तो ओल्या फडक्याच्या दोन हातांत निघून गेला आणि खालून स्वच्छ ॲल्युमिनियम दिसलं. तेव्हा पहिलं काम म्हणजे इंजिन थंड असताना ओलं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन जिथे जिथे लाल दिसतं तिथे पुसून पाहणं. निघालं तर माती. राहिलं तर गंज.

ॲल्युमिनियमला लाल गंज धरतच नाही हेही लक्षात ठेवा. त्यावर पांढरी, पिठासारखी भुकटी येते. ॲल्युमिनियमवर लाल डाग दिसला तर तो वरच्या एखाद्या लोखंडी बोल्टाचा ओघळ असतो. मग बोल्ट शोधायचा.

वरवरचा की खोल

राहिला तो गंज कुठल्या जातीचा आहे ते नखाने आणि स्क्रूड्रायव्हरने कळतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं खरवडा. भुकटी निघून खाली चकचकीत धातू दिसला आणि बोटाला पृष्ठभाग सपाट लागला, तर तो वरवरचा गंज. हा लेख त्याच्यासाठी आहे. खड्डे लागले तर गंज खाली उतरू लागला आहे. भाग बहुधा वाचतो, पण घासून पूर्ण गुळगुळीत होणार नाही. पापडासारखे पदर सुटत असतील, टोक आत रुतत असेल किंवा ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, तर तो भाग बदलायचा.

काही जागी मात्र गंज वरवरचा दिसला तरी स्वतः हात घालू नका. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पेट्रोलची नळी, स्टेअरिंगचे सांधे आणि इंजिन ज्या माउंटिंगवर बसतं त्याच्या चॅसीकडच्या वेल्डिंगच्या जागा. इथे घासताना नळी पातळ झाली किंवा आतली कमजोरी लक्षात आली नाही तर प्रश्न जिवाचा असतो. त्या मिस्त्रींना दाखवाव्यात. रेडिएटरमधलं पाणी तांबूस झालं असेल तर तो आतला गंज, बहुतेक वेळा कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी भरल्याचा परिणाम. त्याला बाहेरून घासण्याचा काही उपयोग नाही. कूलिंगची पूर्ण धुलाई करून घ्या.

कधी करायचं

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावणात केलेलं रंगकाम गणपतीपर्यंत टिकत नाही. मी हे करून बसलो आहे. उघडीप बघून रंग मारला, आणि महिनाभरात त्याच जागी फोड. ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर रंगाला हातच लावू नये. दिवाळीनंतर वारा फिरतो, हवा कोरडी होते, आणि तिथपासून होळीपर्यंत उत्तम काळ. त्यातही सकाळी दव असतं, म्हणून दहानंतर सुरुवात करा आणि रंगाचं काम चारच्या आत उरका.

पावसाळ्यातच गंज दिसला तर? घासा, पुसा, कोरडं करा, तेलाचा हलका हात द्या आणि रंग दिवाळीपर्यंत थांबवा. काही बिघडत नाही.

सामान

पितळी तारांचा ब्रश, पोलादी तारांचा ब्रश, जुने टूथब्रश. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचा. पाने ८ पासून १७ पर्यंत, आणि गोटी पान्यांचा छोटा संच असेल तर उत्तम. गंजलेले नट सोडवायचा पेनिट्रेटिंग स्प्रे. ग्रीस काढायला डिग्रीझर. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड, आणि खाण्याचा सोडा. प्लॅस्टिकचं घमेलं, मास्किंग टेप, सुती फडकी भरपूर. शेवटी रंग: साध्या भागांसाठी रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर इंजिन इनॅमल, मॅनिफोल्डसाठी ६०० अंशांपर्यंत टिकणारा वेगळा रंग.

चष्मा, मास्क आणि रबरी हातमोजे यांत तडजोड नको. तारांच्या ब्रशमधून तार उडते ती सरळ डोळ्याकडे येते. ड्रिलला लावलेला वायर कप वापरणार असाल तर दुप्पट सांभाळा.

हात घालण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी बंद करून किमान तीन-चार तास. मग बॅटरीचं टर्मिनल काढायचं, आणि आधी मायनसचंच. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. परत लावताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस.

पुढचं काम फोनचं. प्रत्येक भागाचे खोलण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढा. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, वायरिंगची क्लिप कुठून गेली, हे दोन तासांनी आठवत नाही. बोल्ट जुन्या डब्यात एकत्र टाकू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्या भागाचा बोल्ट त्या भागाचं चित्र काढून त्यात खोचा.

अल्टरनेटरची हवेची भोकं, एअर फिल्टरचं तोंड, फ्यूज बॉक्स, वायरिंगचे कनेक्टर, बेल्ट, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका आणि रबरबँड लावा. घासलेली भुकटी लोखंडाची असते आणि ती अल्टरनेटरच्या आत गेलेली चालत नाही. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू नका. कनेक्टरमध्ये घुसलेलं पाणी चार दिवसांनी त्रास देतं आणि कारण लवकर सापडत नाही.

आणि बॉडीला जिथे जाड काळी वायर बोल्टने बसवलेली असते ती अर्थिंगची जागा खडूने खूण करून ठेवा. तिथे धातू उघडाच राहायला हवा. मी पहिल्यांदा काम केलं तेव्हा त्या जागेवरही छान काळा रंग दिला. सगळं जोडून चावी फिरवली तर सेल्फ नुसता टक टक करत राहिला. अर्धा दिवस बॅटरी तपासण्यात गेला, आणि शेवटी तो रंग खरवडल्यावर गाडी सुरू झाली.

एक पट्टी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सुरुवात एकाच सुट्या होणाऱ्या भागाने करावी. अल्टरनेटरची ताण देणारी पट्टी त्यासाठी छान. बऱ्याच जुन्या गाड्यांत वरच दिसते: वाकडी पोलादी पट्टी, मधे लांबट खाच, दोन बोल्ट. ती काढली की बेल्ट ढिला पडतो, म्हणून आधी खाचेत बोल्ट नेमका कुठे होता तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

पट्टी हातात आली की डिग्रीझरने धुवा. ग्रीस राहिलं तर पुढे ॲसिड तिथे लागत नाही आणि रंगही धरत नाही. धुऊन झाल्यावर तारांच्या ब्रशने सुटा गंज पाडा. जितका गंज कोरड्या हाताने निघेल तितकं पुढचं काम हलकं.

मग घमेल्यात कोमट पाणी घ्या, लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि पट्टी पूर्ण बुडेल अशी ठेवा. चिंचेने तांब्याचा हंडा उजळतो ती रीत आपल्याला माहीतच आहे, सौम्य आम्लाने वरचं ऑक्साइड सोडवायचं. इथे फक्त वेळ जास्त लागतो. अर्ध्या तासात बारीक बुडबुडे दिसू लागतात, पाणी पिवळट होतं. दर तासाने पट्टी काढून टूथब्रशने घासा आणि परत बुडवा. वरवरचा गंज दोन ते सहा तासांत सुटतो. रात्रभर विसरू नका, कारण गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. पट्टी करडी, निस्तेज दिसली की झालं. ती चकचकीत व्हायला हवी असं नाही.

आता घाई करायची ती इथे. पट्टी काढून स्वच्छ पाण्याने धुवा, मग एका मोठ्या मगभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात बुचकळा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल, परत पाण्याने धुवा आणि लगेच पुसा. आम्लातून निघालेलं लोखंड इतकं उघडं असतं की ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत पिवळं पडतं. केस वाळवायचा ड्रायर असेल तर फिरवा, नाहीतर दुपारच्या कडक उन्हात पत्र्यावर ठेवा. बोल्टाच्या भोकांत आणि पट्टी दुमडलेल्या जागी पाणी दडून बसतं, तिथे नीट बघा. हात लावला की पट्टी कोमट आणि कोरडी लागली पाहिजे.

पुढे २२० नंबरच्या पेपरने हलका हात, थिनरच्या फडक्याने एकदा पुसणं, आणि मग बोटांचे ठसे न उमटवता तारेला टांगणं. तासाभराच्या आत प्रायमरचा पहिला पातळ हात गेला पाहिजे. डबा एक वीतभर लांब धरून, हात थांबू न देता मारा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर केव्हाही बरे. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. प्रायमर वाळला की त्याच पद्धतीने इनॅमल. जिथे बोल्टाचं डोकं घट्ट बसतं तिथला रंग दाबाने तुटतो, म्हणून तिथे थर पातळच ठेवा.

चोवीस तास टांगून ठेवा, मग बसवा. बेल्टचा ताण आधीच्या रेघेवर आणा आणि दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघा. साधारण ८ ते १० मिलिमीटर दबला तर बहुतेक जुन्या गाड्यांना तो ठीक असतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा असेल तर तोच खरा.

ही एक पट्टी नीट झाली की हाताला अंदाज येतो. बाकीचे ब्रॅकेट, फॅनचा गार्ड, बोनेटचं लॅच, सगळं याच वाटेने जातं.

दोन अपवाद मात्र पाळा. स्प्रिंगा आणि ज्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेलं असतं असे जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात बुडवू नका. आम्लातून निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असे बोल्ट कोरड्या ब्रशनेच साफ करावेत. आणि ज्या बोल्टांवर पिवळट किंवा पांढरा जस्ताचा मुलामा अजून शाबूत आहे ते तर बुडवूच नका. गंज जाईल पण त्याबरोबर मुलामाही जाईल आणि पुढच्या पावसात बोल्ट उघडा पडेल.

जे सुटत नाही त्याचं काय

रेडिएटरचा वरचा सपोर्ट, बॉडीला वेल्ड केलेले ब्रॅकेट असे भाग जागेवरच साफ करावे लागतात. तिथे रस्ट कन्व्हर्टर उपयोगी पडतो. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिड असतं. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळा, घट्ट थर तयार करतं, आणि त्यावर रंग चांगला बसतो.

पण तो गंजावरच काम करतो. लख्ख घासलेल्या लोखंडावर लावून उपयोग नाही आणि पापुद्र्यांवर लावूनही नाही. सुटा गंज ब्रशने पाडून टाकायचा, घट्ट चिकटलेला पातळ थर ठेवायचा आणि त्यावर पातळ हात मारायचा. लागणारं द्रव वाटीत काढून घ्या. ब्रश सरळ बाटलीत बुडवलात तर गंजाचे कण जाऊन सगळी बाटली काळी पडते. चोवीस तासांनी रंग द्या. कन्व्हर्टर म्हणजे शेवटचा थर नव्हे, पाऊस लागला की तो एकटा टिकत नाही.

पुलीच्या खाचा, जिथे बेल्ट घासतो, तिथे ना कन्व्हर्टर, ना रंग, ना तेल. पॉलिश पेपरने भुकटी काढा, कोरड्या फडक्याने पुसा, बस. बेल्ट फिरून ती जागा आपोआप साफ ठेवतो. तिथे तेलाचा स्प्रे उडाला तर बेल्ट किंचाळायला लागतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

याचा लाल रंग बघून नवे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरण्यासारखं त्यातच सगळ्यात कमी असतं. जुन्या गाड्यांचा मॅनिफोल्ड बीडाचा, चांगला जाड. तापतो, निवतो, परत तापतो. त्यावर रंग कारखान्यातूनच बहुधा नसतो. त्याच्यावर लाल थर येणं हे त्याच्या नशिबातच आहे आणि त्याने वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. तडा आहे का, गॅस्केटपाशी (दोन भागांच्या सांध्यात बसवलेल्या पातळ पट्टीपाशी) काळी काजळी आहे का, गाडी सुरू करताना फट्‌ फट्‌ आवाज येतो का, एवढं तपासा. नसेल तर न रंगवता सोडून दिला तरी चालेल.

रंगवायचाच असेल तर पोलादी ब्रशने पूर्ण घासा, थिनरने पुसा आणि ६०० अंशांचा रंग प्रायमर न लावता थेट मारा. साधा प्रायमर त्या उष्णतेत जळून रंगासकट सुटतो. रस्ट कन्व्हर्टरचंही तेच. हा रंग नुसत्या हवेत पक्का होत नाही, त्याला टप्प्याटप्प्याने तापवावं लागतं. डब्यावर जसं लिहिलं असेल तसं करा. साधारणपणे पहिल्यांदा दहा मिनिटं इंजिन चालवून पूर्ण निवू द्यायचं, मग वीस मिनिटं, मग थोडी लांब फेरी. पहिल्या वेळी धूर आणि वास येतो, म्हणून गाडी उघड्यावर असावी. मॅनिफोल्डवर तेल, ग्रीस, मेण काहीही लावू नका, ते पेटू शकतं.

गॅस्केटच्या कडेने तारांचा ब्रश चालवू नका. फार जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

अडकलेला बोल्ट

गंजलेला बोल्ट जोराने फिरवला की डोकं तुटून हातात येतं आणि आटे आत राहतात. मग ड्रिल, टॅप, लेथवाला, सगळं आलं. त्यापेक्षा धीर धरा. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा. संध्याकाळी पेनिट्रेटिंग स्प्रे मारा, सकाळी परत मारा. हातोडीने डोक्यावर हलके सात-आठ टोले द्या म्हणजे गंजाची पकड फुटते. मग पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला जोर द्या. 'कट्' असा बारीक आवाज आला की सुटला म्हणून समजा. पाव वळसा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असं करत काढा. पाना नेहमी रिंगचा किंवा सहा कोनी गोटीचा. उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात.

परत बसवताना आट्यांना तांब्याच्या भुकटीचं अँटी-सीझ ग्रीस किंचित लावा. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून हात जरा राखून.

बॅटरीचा ट्रे आणि ॲल्युमिनियम

ट्रे खाऱ्या वाऱ्याने कमी आणि बॅटरीच्या आम्लाने जास्त गंजतो. बॅटरी उचलून बाहेर ठेवा, कोमट पाण्यात सोडा कालवून ट्रेवर ओता. फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत ओतत राहा, मगच घासायला घ्या, नाहीतर आम्ल रंगाखाली जिवंत राहतं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटीही सोड्यानेच जाते. बसवून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात.

ॲल्युमिनियमवर पोलादी ब्रश वापरू नका. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे तेच गंजून लाल ठिपके देतात. नायलॉनचा किंवा पितळी ब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

मोठे भाग आणि साखर कारखान्याची मळी

घाटावरच्या वाचकांना एक सोय आहे. मोठा, वेडावाकडा बीडाचा किंवा पोलादी भाग असेल, आणि आम्लावर लक्ष ठेवायला वेळ नसेल, तर एक भाग मळी (साखर काढून उरलेला घट्ट काळा पाक) आणि नऊ भाग पाणी असं पिंपात करून भाग बुडवून ठेवा. एक ते तीन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला सहसा धक्का लागत नाही. गुऱ्हाळाची काकवीही चालते, पण ती पोळीबरोबर खावी, एवढी चांगली वस्तू पिंपात ओतवत नाही. मिश्रण आंबतं आणि वास मारतं, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग यात टाकू नका, मळी त्यांना खाते.

त्यानंतर

आमच्याकडे विळी-कोयत्याला पावसाळ्यात खोबरेल तेल लावतात. ते पाहून काहीजण इंजिनच्या ब्रॅकेटलाही लावतात. नको. त्यावर धूळ बसते, ते खवट होतं आणि त्या वासाने उंदीर येतात. मग उंदराने कुरतडलेली वायरिंग गंजापेक्षा महाग पडते. जळकं इंजिन ऑइलही नको, रबरी होज आणि बुश त्याने फुगतात आणि हाताच्या त्वचेलाही ते घातक. ब्रॅकेट, बोल्टांची डोकी, लॅच, बिजागऱ्या यांच्यावर मेणाचा पातळ थर देणारा स्प्रे बाजारात मिळतो, तो वर्षातून एकदा, वैशाखात, मृगाचा पाऊस लागायच्या आधी मारा. बेल्ट, एक्झॉस्ट आणि ब्रेक यांच्यापासून लांब.

किनाऱ्यालगत राहत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा थंड इंजिनवरून गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, कारण मीठ पुसून काढलं तर पुढचं सगळं मंदावतं. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, अंगणात पाच मिनिटं सुरू ठेवून बंद करू नका. तेवढ्याने इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा उडत नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसू लागतो. प्लॅस्टिकचा कागद गाडीभोवती घट्ट गुंडाळणं सगळ्यात वाईट, आतला दमटपणा आतच राहतो. वरून पत्रा किंवा झावळ्या आणि चारी बाजू मोकळ्या, असा मांडव त्याहून बरा.

गाडी गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी करू नका. जमिनीतली वाफ रात्रभर खालून इंजिनला लागत राहते. शेजारच्या मुलाने जांभ्याचे चार चिरे टाकून त्यावर फरशी बसवून घेतली आहे. परवा बोनेट उघडून बघितलं तर पट्टी अजून काळीभोर होती, फक्त एका बोल्टाच्या कडेला तांबूस रेघ दिसली. तिथे त्या दिवशीच पेपर फिरवून घेतला.